वेखंडाची ओढणी

स्पृहाला पहिली कळ आली ती साताऱ्याला, माहेरच्या स्वयंपाकघरात, आणि ती बाळंतपणाची नव्हती.

सातवा महिना होता. फोनच्या पडद्यावर सासूबाईंचा चेहरा होता, तोही अर्धाच, कारण फोन कुठे धरायचा हे त्यांना कधी जमलं नव्हतं. त्या अर्ध्या चेहऱ्यामागे पुण्याला मांजरीतल्या सासरच्या घराचं मागचं अंगण, अंगणातला शेवगा आणि शेवग्याखाली तिची मधपेटी. पावसाने उघडीप दिली होती. पेटीचं झाकण काढलेलं होतं आणि सासूबाईंच्या एका हातात माश्यांनी लडबडलेली, पोळ्याची चौकट होती. हातात मोजे नव्हते.

"बघ तुझ्या पोरी," सासूबाई म्हणाल्या. "मजेत आहेत. तुझी आठवण काढतात म्हटलं तर खोटं होईल."

स्पृहा हसली. अशा वेळी हसावंच लागतं. फोन ठेवला आणि मग तिच्या पोटात, बाळाच्याही वरच्या अंगाला कुठेतरी, काहीतरी कचकन चावलं.

आता खरं तर तिने खूश व्हायला हवं होतं. तिचा नवरा सलिल सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचा, म्हणजे अख्खं पुणं या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायचा, आणि परत यायचा तो नुसता जेवून झोपायला. तो काय पेटी बघणार? आणि सासूबाई तर पहिल्यापासून त्या पेटीला "तुझी ती भणभण" म्हणायच्या, कपडे वाळत घालायलासुद्धा मागच्या अंगणात यायच्या नाहीत. त्याच बाई आता पावसाळ्यात फुलं नसतात म्हणून साखरेचा पाक करून ठेवत होत्या, पेटीच्या स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांमध्ये मुंग्या चढू नयेत म्हणून रोज पाणी भरत होत्या. फोनवरून स्पृहा सांगेल ते निमूट ऐकत होत्या. निदान सुरुवातीला तरी. मग हळूहळू त्या विचारायच्या थांबल्या आणि सांगायला लागल्या.

बाईमाणसाचं एखादं स्वतःचं असं काय असतं? स्पृहाची ती पेटी होती. लग्नानंतर काही वर्षं मूल झालं नाही. जो भेटेल तो विचारायचा, "काय, काही विशेष?" लग्नकार्यात, दुकानात, अगदी लिफ्टमध्येसुद्धा. त्या दिवसांत तिने शिवाजीनगरला मधमाशीपालनाचा छोटा कोर्स केला आणि सातेरी जातीच्या माश्यांची एक वसाहत घरी आणली. सोबत एक रिकामी पेटीही घेतली, पुढेमागे लागेल म्हणून. संध्याकाळी ती पेटीसमोर पाटावर बसायची. माश्या परागकणांची पिवळी गाठोडी पायांना बांधून घरी येत असायच्या. त्यांना कुणाला विचारायला सवड नव्हती. तिथे बसून ती किती वेळा रडली असेल, ते तिला आणि त्या माश्यांनाच माहीत.

म्हणून तर, तान्ह्या अवनीला घेऊन ती मांजरीला परत आली, सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि बाळ दूध पिऊन झोपल्याबरोबर स्पृहा पहिल्यांदा गेली ती मागच्या अंगणात. कानांना स्कार्फ बांधलेला, भांगात वेखंडाची पूड, अंगाला ओव्याच्या धुरीचा वास. तिच्या आईने ओढणीसुद्धा धुरीवर धरून दिली होती. सलिल तर गाडीत म्हणाला होता, "काष्ठौषधींच्या दुकानात बसल्यासारखं वाटतंय."

झाकणाला हात लावायच्या आधीच पेटीच्या दारावरच्या माश्या सुटल्या. एक भुवईला डसली, एक मनगटाला. स्पृहा मागे सरली, आणखी दोघी स्कार्फमध्ये घुसून गुणगुणायला लागल्या. ती ओरडलीच.

सासूबाई बाहेर आल्या. "अगं, आल्या आल्या कुणाच्या घराचं छप्पर काढतात का?"

आणि त्या सरळ चालत पेटीपाशी गेल्या, उघड्या हाताने झाकण जरा दाबून नीट बसवलं. दोन-तीन माश्या त्यांच्या बाहीवर बसल्या, फिरल्या, उडून गेल्या. काही म्हणजे काही झालं नाही.

मागच्या रो-हाउसमधली सोनाली गॅलरीतून बघत होती. "बेलसरे काकूंच्या माश्या फक्त काकूंचं ऐकतात हं," ती हसत म्हणाली. "आम्ही सगळे काकूंचाच मध खातो आता."

काकूंच्या माश्या. काकूंचा मध. स्पृहाने भुवईतली नांगी नखाने खरवडून काढली आणि आत आली. भुवई सुजली तेवढी पुरे झाली. बाकीचं जे सुजलं होतं त्याला बर्फ लावता येत नव्हता.

एका गोष्टीने मात्र तिला बरं वाटलं. आणि ते वाटल्याची तिला लाजही वाटली. संध्याकाळी सासूबाईंनी हात पुढे केले आणि अवनीला घेतलं. इतके दिवस फोनच्या पडद्यावर बोट फिरवून जिला जवळ घेतलं, तिला आता खरीखुरी छातीशी धरलं. अवनीने त्यांच्या पातळात नाक घासलं, क्षणभर थांबली, आणि असा काही टाहो फोडला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"अगं, आजी आहे मी. राक्षसीण नाही," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज जरा चिरकला.

"नवी जागा आहे ना, आई," स्पृहा म्हणाली, आणि गरज होती त्यापेक्षा जरा लवकरच तिने बाळ परत घेतलं. तिच्या खांद्यावर, ओढणीत तोंड खुपसून, अवनी गप्प झाली. लगेच. स्पृहाने सासूबाईंकडे बघायचं टाळलं. *ही तरी माझी आहे.*

रात्री जेवताना सासूबाईंनी विषय काढला. "उद्या गच्चीवर चल. एक गंमत दाखवायचीय. मी तुझ्या पेटीचं ना..."

"नको आई, टाके ओढतात. जिना नको."

"बरं, मग ऐक तरी. गेल्या आठवड्यात मी आणि सलिलने..."

"आई, नंतर. ती उठली वाटतं."

अवनी उठली नव्हती. सलिलने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि भाताचा पुढचा घास घेतला. दोन बायकांमध्ये कुठे तोंड उघडायचं नाही हे तो हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये नाही, याच घरात शिकला होता.

तर असा तो नोव्हेंबर चालला होता. सासूबाईंना पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता, म्हणून एका सकाळी त्या रिक्षाने हडपसरला बँकेत गेल्या. "जिवंत आहे हे सांगून येते," असं म्हणून गेल्या. अवनी नुकतीच झोपली होती. घर रिकामं. स्पृहाने माश्यांना शांत करायच्या धुराड्यात नारळाच्या शेंड्या पेटवल्या, डोक्यावरून जाळी घेतली, हातमोजे चढवले आणि पेटी उघडली. आता बघू कोण कुणाचं ऐकतं.

माश्या खवळल्याच. जाळीवर येऊन आदळत होत्या, मोज्यांवर डसत होत्या. तिने धूर वाढवला आणि एक चौकट उचलली. आणि तिला दिसलं.

पोळ्याच्या खालच्या कडेला राणीकोष लोंबत होते. भुईमुगाच्या शेंगांसारखे, टोक खाली केलेले. एक, दोन, पलीकडे आणखी.

कोर्समध्ये हे पहिल्यांदा शिकवतात. पेटीत गर्दी झाली की माश्या अशा कोषांत नवी राणी घडवायला घेतात, आणि मग जुनी राणी अर्धी वसाहत घेऊन उडून जाते. थवा गेला की गेला. स्पृहाच्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्याच्या मागोमाग आत काहीतरी गोड गोड पसरलं. म्हणजे काकूंना हे दिसलं नाही तर! काकूंच्या शहाण्या माश्या काकूंच्या नाकासमोरून उडून जाणार होत्या आणि काकू बाटल्या भरून मध वाटत होत्या.

तिने सुरी घेतली आणि कोष कापले. एकूण एक. कुणीही शिकाऊ माणूस आधी पोळ्यात ताजी अंडी आहेत का ते बघतो, म्हणजे राणी आत आहे हे नक्की होतं. तिला हे माहीत होतं. पण माश्या डसत होत्या, आतून अवनीने हाक दिली होती, आणि खरं सांगायचं तर तिला काही बघायचंच नव्हतं. तिला बरोबर असायचं होतं. तिने झाकण लावलं, कापलेले कोष कुंडीतल्या मातीत दाबून टाकले आणि हात धुतले.

मनात वाक्यं तयार होती. "आई, कोष आले होते, तुमच्या लक्षात आलं नाही वाटतं." पण ते वाक्य तिने लगेच वापरलं नाही. चांगल्या पातळासारखं घडी घालून ठेवलं, योग्य प्रसंगाला काढू म्हणून.

प्रसंग आला, पण वेगळाच. पुढच्या आठवड्यात एका सकाळी सासूबाई चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभ्या होत्या. कप तोंडाशी नेता नेता थांबल्या.

"आवाज बदललाय."

"कसला?" स्पृहा अवनीला पायांवर घेऊन तेल लावत होती.

"पेटीचा. काल मला वाटलं, भास असेल. अगं, सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली माझी. लाइन चालू आहे पण पलीकडे कुणी नाही, हे मला हॅलो म्हणायच्या आधी कळायचं." त्यांनी मान कलती केली. "रडतायत त्या. पलीकडे कुणी नाही."

स्पृहानेही कान दिला. नेहमीचा एकसंध गुणगुणाट नव्हता तो. वर जाणारा, मधेच मोडणारा, विचारल्यासारखा आवाज.

"राणी एव्हाना निघायला हवी होती," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या.

"आई, राणी आहेच की आत."

"आत कुठे? जुनी राणी गच्चीवर आहे. तुझी ती रिकामी पेटी होती ना, त्यात हलवली मी, चार चौकटींसकट. फार गर्दी झाली होती. वसाहत दोन करायची ठरवली, तूच मागे फोनवर बोलली होतीस की कसं करतात ते. इथे कोष ठेवले होते. यांची नवी राणी त्यातून निघायची." त्या वळल्या. "तेच तर दाखवायचं होतं तुला. तू येशील तेव्हा दोन पेट्या असतील, म्हटलं. एकीच्या दोघी होऊन तू येणार, तर पेटीच्याही दोन."

स्पृहाचे तेलाचे हात अवनीच्या पोटावर तसेच राहिले. घडी घालून ठेवलेलं वाक्य आतल्या आत विरून गेलं.

"मी कापले," ती म्हणाली.

"काय?"

"कोष. तुम्ही बँकेत गेला होतात तेव्हा. मला वाटलं, थवा जाईल."

"सगळे?"

"सगळे."

सासूबाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला. कप कट्ट्यावर ठेवला. "हं," त्या म्हणाल्या. "तरी म्हटलं, सुरीला धार चांगली आहे."

एवढंच. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पेटीत राणी नाही म्हणजे अंडी नाहीत. आहेत त्या माश्या म्हाताऱ्या होऊन मरणार, मागून नव्या येणार नाहीत. मग पोळ्यांना मेणकिडा लागणार आणि एक दिवस झाकण उघडलं की आत जाळी आणि भुसा. तिची पेटी. जिच्यासमोर ती रडली ती. स्वतःच्या हाताने. अवनी कुरकुरायला लागली, तेव्हा स्पृहाला कळलं की आपण रडतोय.

"रडतेस काय? त्या रडतायत तेवढं पुरे आहे," सासूबाई म्हणाल्या. "कोर्स तू केलायस. सांग, आता काय करायचं?"

स्पृहाने नाक पुसलं. "ताज्या अंड्यांची चौकट हवी. गच्चीवरच्या पेटीतली. ती इथे दिली तर या त्यातल्या एखाद्या अळीला राणीसारखं भरवतील, नवी राणी करतील." ती थांबली. "तुम्ही आणा ना. तुम्हाला डसत नाहीत त्या."

"आणली असती. मला अंडी दिसत नाहीत."

"म्हणजे?"

"मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर ऑपरेशन कर म्हणतायत पावसाळ्यापासून. म्हटलं, तू येईपर्यंत माश्यांकडे कोण बघणार? आतापर्यंत आवाजावर आणि वजनावर चालवलंय मी सगळं. राणी हलवायच्या दिवशी सलिल आला होता मदतीला. पार दारात उभा राहून बोट दाखवत होता. 'आई, ती लांबुडकी! आई, डावीकडे!' निम्म्या वेळा त्याचं डावं चुकत होतं."

स्पृहाला रडता रडता हसू आलं. "पण मला त्या जवळ उभं करत नाहीत, आई. विसरल्या मला."

"विसरतील कशा? वासाने ओळखतात सगळं. आणि तुझ्या अंगाला काय वास आहे बघ! आम्ही धान्याच्या डब्यात वेखंड ठेवायचो, किडा-मुंगी पळावी म्हणून. ते तू टाळूला थापलंयस, वर ओव्याची धुरी, आणि चाललीस माश्यांना भेटायला. मी माशी असते तर मीही चावले असते."

कोर्स केलेल्या बाईला हे सुचलं नव्हतं. परक्या वासाने माश्या बिथरतात हे तर तिच्या वहीत पहिल्याच पानावर होतं. पण बाळंतपणाचा वास परका असतो असं कुणाच्या मनात येईल?

सासूबाई आत गेल्या आणि मागच्या दारामागच्या खुंटीवरून एक कुर्ता घेऊन आल्या. निळा, सुती, विटलेला, उजव्या बाहीला धुराड्याने पडलेलं भोक. मेणाचा, धुराचा आणि मधाचा मिळून एक जुना वास त्याला येत होता.

"हा माझा," स्पृहा म्हणाली.

"तुझाच. तू गेल्यापासून पातळावर हाच चढवते मी. सोनाली हसते गॅलरीतून." सासूबाईंनी कुर्ता उगाच झटकला. "म्हटलं, त्यांना कळायला नको तू घरात नाहीस ते."

स्पृहाने कुर्ता हातात घेतला. फोनवरच्या त्या अर्ध्या चेहऱ्याखाली ही निळी बाही नक्की दिसली असणार. तिने फक्त उघडे हात पाहिले होते.

ती डोक्यावरून न्हाली, नुसत्या पाण्याने, दोनदा. कुर्ता चढवला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि खोलीत अवनीने आकांत मांडला. सासूबाई तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होत्या. अवनी लालबुंद, मुठी आवळलेल्या.

"तू जा वर. ऊन चढायच्या आत," सासूबाई म्हणाल्या. "रडून रडून कंटाळेल."

स्पृहा जिन्यात उभी. दोन्हीकडे रडणं. एकीकडे घरातलं, एकीकडे अंगणातलं. ती परत फिरली, तेव्हा तिला वाटलं आपण बाळ घेणार. हातही तसेच पुढे झाले होते. पण ते हात पलंगाकडे गेले. तिने न्हायच्या आधी काढून टाकलेली ओढणी उचलली आणि सासूबाईंच्या खांद्यावर, पातळावरून, नीट पसरली. अवनीच्या नाकाखाली तिचं टोक आलं.

अवनीने एक उचकी दिली. नाक घासलं. आणखी एक उचकी. मग गप्प.

सासूबाई हलायच्याही थांबल्या. जणू हलल्या तर ओढणीखालची बाई कोण ते बाळाला कळेल.

स्पृहा जिना चढली. टाके ओढत होते, खरंच ओढत होते आता. गच्चीवर टाकीच्या सावलीला पेटी होती, खाली वाट्यांमध्ये पाणी. पलीकडे उसाचे उरलेले पट्टे आणि त्यांच्या डोक्यावर नव्या इमारतींचे सांगाडे. तिने झाकण काढलं. माश्या वर आल्या, तिच्या बाहीवर बसल्या, भोकाच्या कडेने फिरल्या. डसल्या नाहीत. दुसऱ्या चौकटीवर तिची जुनी राणी होती, लांब, शांत, भोवती दासींचं कडं. "आहेस होय," स्पृहा म्हणाली. राणीला अर्थातच त्याचं काही नव्हतं.

तिसरी चौकट तिने उन्हाकडे धरली. पोळ्याच्या घराघरात एकेक अंडं, तांदळाच्या कणीहून बारीक, उभं. तिने राणी त्यावर नाही हे दोनदा बघितलं, माश्या हलकेच झाडल्या, चौकट ओल्या फडक्यात गुंडाळली आणि पोटाशी धरून एकेक पायरी उतरली.

खालच्या पेटीत मधोमध जागा करून ती चौकट बसवत असतानाच खिडकीतून आवाज आला.

"हॅलो, मांजरी एक्स्चेंज. कोण बोलतंय? अवनी बेलसरे? कुठे जोडून देऊ? साताऱ्याला? साताऱ्याची लाइन बिझी आहे हो."

आणि त्यावर, "अं... गं..."

हा आवाज अवनीने आतापर्यंत फक्त आईशी बोलताना काढला होता. स्पृहाच्या पोटात पुन्हा तेच कचकन चावलं. तिने चौकट सरळ केली. झाकण लावून ती पाटावर बसली. आत माश्या नव्या पोळ्यावर चढत असाव्यात. गुणगुणाट हळूहळू खाली उतरत होता, जागेवर येत होता. आणि खिडकीतलं बोलणं चालूच होतं.

काही दिवसांनी रविवारी त्यांनी पेटी उघडली. सलिल दारात, ठरलेल्या अंतरावर. सासूबाई त्याच्या पुढे, अवनीला घेऊन. स्पृहाने निळ्या कुर्त्यात, उघड्या हातांनी ती चौकट वर काढली.

"दिसतंय का काही?" सासूबाईंनी विचारलं. "मला तर सगळ्याचा नुसता लाडू झालेला दिसतोय."

"दिसतंय. कोष आलाय. नाही, दोन आहेत."

"मग एक कापायचा?"

"नाही," स्पृहा म्हणाली. "कुणी काही कापायचं नाही. त्यांचं त्या बघून घेतील."

तिने चौकट अलगद परत ठेवली. हात धुऊन आली तर सासूबाईंनी तिच्या पुढे काहीतरी धरलं. ओढणी होती. स्वच्छ धुतलेली, इस्त्री करून चौकोनी घडी घातलेली.

"धुतलीत?"

"मग? खांद्यावर टाकून टाकून कशी झाली होती. वास मारत होती."

"अहो आई, पण हिला तर त्या वासानेच..."

"हिला आता लागत नाही ती," सासूबाई सहज म्हणाल्या, आणि अवनीने त्यांच्या पातळात नाक घासलं आणि डोळे मिटून घेतले.

स्पृहाने ओढणी हातात घेतली. साबणाचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही. हात बाळाकडे जायला निघाले होते. ते तिने ओढणीवरच ठेवले. नांगी शिरली की चिमटीत धरून ओढायची नाही, विष आणखी आत जातं. नखाने आडवी काढायची, हळूच. मग आत जाऊन तिने निळा कुर्ता उतरवला आणि न धुता, बाह्या सरळ करून, दारामागच्या खुंटीला परत अडकवून ठेवला.